कातळाचे तीन रंग : नाशिकचे डोंगर आणि मोजक्या जलरंगांची परंपरा

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग दक्षिणोत्तर उभी आहे आणि तिच्यातून त्र्यंबक-अंजनेरीची, सातमाळ्याची व उत्तरेकडे सेलबारी-डोलबारीची अशा उपरांगा पूर्वेला फुटतात. या रांगांवरचे अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, रामशेज, धोडप, अंकाई-टंकाई, साल्हेर हे डोंगर आणि दुर्ग इतिहासकारांना व गिर्यारोहकांना चांगले परिचित आहेत. चित्रकलेच्या इतिहासात त्यांची नोंद त्या मानाने फार तुटक झाली आहे. गेल्या दोनशे वर्षांत पश्चिम भारतातल्या डोंगरांची जी जलरंगचित्रे झाली, त्यांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते, ती म्हणजे रंगांची काटकसर. एखादा निळा, एखादी पिवळी माती आणि एखादा तांबूस तपकिरी, एवढ्यावर संपूर्ण चित्र उभे करण्याची ही रीत आज अभिरुचीचा आणि संयमाचा भाग मानली जाते. तिचा उगम मात्र बराचसा गरजेत आहे, आणि ती गरज लष्कराची, रसायनशास्त्राची व पैशाची अशी तिहेरी होती. शिवाय नाशिकच्या डोंगरांची घडणच अशी आहे की, ही काटकसर त्यांना मानवली.

जलरंग हे माध्यम मुळात साधे आहे. बारीक खललेले रंगद्रव्य बाभळीच्या कुळातल्या झाडाच्या डिंकात मळतात आणि पाण्याने पातळ करून कागदावर पसरतात. पाणी उडून जाते आणि डिंक रंगकणांना कागदाशी धरून ठेवतो. पारदर्शक पद्धतीत पांढरा रंग वापरत नाहीत, कारण कागदाचा पांढरेपणाच रंगाच्या पातळ थरातून परत येऊन उजेडाचे काम करतो. अशा पातळ, सलग थराला चित्रकारांच्या बोलीत वॉश म्हणतात. एकावर एक वॉश चढत गेले की गडदपणा वाढतो, आणि तीन-चारांहून अधिक वेगवेगळी रंगद्रव्ये एकाच जागी मिसळली गेली तर रंग मळतो, त्याची पारदर्शकता जाते. म्हणून मोजक्या रंगांचा आग्रह या माध्यमाच्या स्वभावातच थोडाफार आहे. तैलरंगात चूक खरवडून काढता येते. जलरंगात ती दिसतच राहते, त्यामुळे कमी रंगांत काम करणाऱ्याच्या चुकाही कमी होतात, हा व्यवहार शिकवणाऱ्यांनी लवकर ओळखला होता.

आता या डोंगरांच्या रंगाकडे वळता येईल. नाशिक परिसरातला खडक दख्खनच्या लाव्हाचा, म्हणजे बेसॉल्ट या काळ्या अग्निजन्य पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरले आणि थिजले. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थराचा तिरका उतार होतो, आणि डोंगराला जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची आकृती येते. धोडपच्या माथ्यापासून निघालेली आणि मध्येच खाच पडलेली कातळभिंत ही अशाच लाव्हाच्या, पण भेगेत उभ्या घुसून थिजलेल्या भिंतीचा नमुना आहे. थराथरांमधून कुठे कुठे विटकरी मातीचा पट्टा डोकावतो. बेसॉल्टमध्ये लोह भरपूर असते, आणि ऊन-पावसाने खडक झिजला की ते लोह गंजते. कड्यांवर दिसणारी पिवळसर, तांबूस, तपकिरी झाक ही या गंजाची असते. चित्रकाराच्या पेटीतले यलो ऑकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना आणि लाइट रेड हे रंगही लोहाच्या संयुगांचेच असतात, म्हणजे पिवळी माती आणि गेरू यांचेच शुद्ध केलेले, काही भाजलेले प्रकार. तेव्हा अंजनेरीचा कडा बर्न्ट सिएनाने रंगवणारा चित्रकार रसायनाच्या भाषेत गंज गंजानेच रंगवत असतो. परदेशी चित्रकारांनी इटलीच्या मातीचे रंग इथे आणले आणि ते इथल्या डोंगरांना चपखल बसले, यात योगायोगापेक्षा खनिजशास्त्राचा भाग अधिक आहे.

इंग्रजी जलरंग येण्यापूर्वी या भागात चित्रे नव्हती असे नाही. चांदवडच्या होळकरकालीन रंगमहालात भित्तिचित्रे आहेत. मराठा चित्रपरंपरेत डोंगर येतो तो मुख्यतः कथेची जागा दाखवण्यापुरता; त्याच्या उजेड-सावलीशी चित्रकाराला कर्तव्य नसते. दुसरीकडे पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या पट्ट्यातल्या आदिवासी वस्त्यांपासून पालघरपर्यंत वारली चित्रांची परंपरा आहे, आणि तिथे गेरूने किंवा शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ एवढीच रंगसंगती असते. रंगांची याहून मोठी काटकसर शोधून सापडणार नाही. मात्र वारली चित्रात खोली नसते, जवळचे आणि लांबचे सारखेच स्पष्ट असते. जलरंगातल्या निसर्गचित्राचा सगळा खटाटोप लांबचा डोंगर लांब दिसावा यासाठी असतो. दोन्ही परंपरा एकाच डोंगराच्या दोन अंगांना वाढल्या असल्या तरी त्यांचा एकमेकींशी संबंध जोडण्याचा मोह टाळलेला बरा.

पश्चिम भारतातल्या डोंगरांची इंग्रजी पद्धतीची चित्रे अठराव्या शतकाच्या शेवटी सुरू झाली. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९०च्या दशकात मुंबई-पुण्यात काम करत होता आणि पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने गंगाराम चिंतामण तांबट या मराठी कलावंताने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. यथादर्शन, म्हणजे डोळ्याला दिसते तसे अंतर कागदावर उतरवण्याची रीत, एका मराठी हाताने आत्मसात केल्याचे हे फार आरंभीचे उदाहरण आहे. विल्यम वेस्टॉल हा चित्रकार १८०४च्या सुमारास मुंबईला आला आणि त्याने घाटमाथ्यावरची दृश्ये टिपली. पण डोंगर रेखाटणाऱ्यांत व्यावसायिक चित्रकारांपेक्षा लष्करी अधिकाऱ्यांची संख्या बरीच मोठी होती, आणि नाशिकच्या संदर्भात तीच महत्त्वाची ठरते.

१८१८च्या उन्हाळ्यात लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेने राजधेर, त्र्यंबक आणि शेवटी मालेगाव ही ठाणी घेतली, आणि त्याच सुमारास कॅप्टन ब्रिग्जने या भागातल्या दुर्गांची पाहणी करून त्यांची वर्णने लिहिली. १८८३ साली निघालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये ती ठिकठिकाणी वापरलेली आहेत. कडा किती उंच, चढ कुठून, पाणी कुठे, तटाचा कोणता भाग तोफेच्या माऱ्यात येतो, हे सांगायला शब्द अपुरे पडतात, म्हणून चित्रकला हा लष्करी शिक्षणाचा नियमित विषय होता. वुलिच येथील लष्करी अकादमीत पॉल सँडबी हा त्या काळचा नामवंत जलरंगचित्रकार १७६८पासून अनेक वर्षे चित्रकलेचा मुख्य शिक्षक होता, आणि ईस्ट इंडिया कंपनीने १८०९ साली ॲडिसकोम येथे काढलेल्या लष्करी विद्यालयात पुढे थिओडोर फील्डिंग याने हे काम केले.

तिथे शिकवली जाणारी पद्धत रंगवलेल्या रेखाटनाची होती. आधी पेन्सिलीने किंवा शाईने आकार आखायचे, मग करड्या रंगाच्या वॉशने सगळी उजेड-सावली पुरी करायची, आणि शेवटी त्यावर निळ्या, पिवळ्या, तांबड्या रंगांची अगदी फिकट झाक द्यायची. चित्राचा सांगाडा करड्या रंगातच उभा असे. रंग केवळ अंगरख्यासारखा वरून चढे. छावणीत, घोड्यावरच्या पिशवीत मावेल एवढी पेटी, थोडे पाणी आणि अर्धा तास मोकळा वेळ, एवढ्यात चित्र उरकायचे असल्याने दोन-तीन रंगांपलीकडे जाण्याची सवड कुणालाच नसे. भूमापन खात्याच्या नकाशांतही डोंगराचा उतार दाखवण्यासाठी बारीक रेघांची किंवा एकरंगी वॉशची छटा देत, आणि मोजणीदाराचा हात याच शिस्तीत तयार होई. आज ज्याला मोजक्या रंगांची शैली म्हणतात तिचे मूळ या कामचलाऊ दस्तऐवजी चित्रांत आहे, हे मान्य करायला कलासमीक्षक सहसा राजी नसतात. सौंदर्यदृष्टीचा इतिहास अधिक प्रतिष्ठित वाटतो.

त्याच काळात इंग्लंडमध्ये ही रीत कलेच्या पातळीवर गेली, हेही खरे. अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, १८०२ साली, निधन पावलेल्या टॉमस गर्टिनने मातकट, मोजक्या रंगांतून डोंगराळ प्रदेशाला जे गांभीर्य दिले, त्याचा प्रभाव दीर्घकाळ राहिला. विल्यम पेन या दुसऱ्या चित्रकाराने निळा, ऑकर आणि किरमिजी यांच्या मिश्रणातून एक करडा रंग बसवला आणि तो पेन्स ग्रे या नावाने अजूनही प्रत्येक रंगपेटीत असतो. पावसाळी ढगांसाठी तेव्हा नीळ आणि इंडियन रेड यांचे मिश्रण सर्रास वापरत. ही नीळ वनस्पतीची, पुष्कळदा हिंदुस्थानातूनच गेलेली असे, आणि तिच्यात एक खोट होती. उजेडात ती विरते. रसेल आणि ॲबनी या दोन शास्त्रज्ञांनी १८८८ साली ब्रिटिश सरकारला सादर केलेल्या अहवालात जलरंगांवर प्रकाशाचा परिणाम प्रयोगांनी तपासला, आणि नीळ व किरमिजी लाखरंग यांच्यासारखे लाडके रंग नाशवंत ठरले. भिंतीवर टांगलेल्या जुन्या चित्रांतली करडी आभाळे गुलाबी पडलेली दिसतात ती यामुळे, कारण नीळ उडून जाते आणि लोहाचा तांबडा तेवढा मागे राहतो. अशा चित्रावरून आषाढातला एखादा दुर्ग चित्रकाराने संध्याकाळच्या उजेडात पाहिला होता असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल.

नाशवंत रंग वगळल्यावर जे उरले ते पुन्हा मोजकेच होते : मातीचे लोहरंग, आणि निळ्यांत १८२०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये कृत्रिम रीतीने बनू लागलेला अल्ट्रामरीन. पूर्वी हा रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून काढत आणि तो सोन्याच्या मोलाने विकला जाई. कारखान्यात बनू लागल्यावर तो इतका स्वस्त झाला की घरोघर पांढऱ्या धोतरांना द्यायची नीळही त्याचीच येऊ लागली. रंग बाळगण्याच्या सोयीतही याच सुमारास फरक पडला. आधीच्या वड्या सहाणेवर गंधासारख्या उगाळाव्या लागत. १८३५च्या आसपास विन्सर अँड न्यूटन या लंडनच्या कंपनीने ग्लिसरीन घातलेल्या ओलसर वड्या आणल्या, ज्या ओल्या ब्रशने लगेच उचलता येत, आणि १८४१ साली निघालेल्या पत्र्याच्या नळीने पुढचे काम केले. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात या ओलसर वड्यांचे मोल वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात उलट अडचण येई. कागदाला पाणी एकदम शोषू न देण्यासाठी प्राण्यांच्या सरसाची खळ दिलेली असते, दमट हवेत तिला बुरशी लागते आणि मग तेवढ्या जागी रंग टिपकागदावर पडल्यासारखा पसरून डाग उमटतो. विलायतेहून आलेला व्हॉटमन कागद एका पावसाळ्यात असा बाद होणे हा मोठाच फटका असे.

मराठी चित्रकारांपर्यंत हे सारे पोचले ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून, जे १८५७ साली सुरू झाले. १८६५ साली थळ घाटातून इगतपुरीपर्यंत आगगाडी चालू लागली आणि मुंबईच्या चित्रकारांना घाटमाथा व गोदाकाठ एका दिवसाच्या टप्प्यात आला. १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली, तिची वार्षिक प्रदर्शने भरू लागली, आणि निसर्गचित्राला गिऱ्हाईक मिळू लागले. सा. ल. हळदणकर, एम. के. परांडेकर, कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांच्या पिढ्यांनी पारदर्शक जलरंग असा काही हस्तगत केला की परकेपणाची खूणही उरली नाही. शाळाशाळांतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा रूढ झाल्या, आणि जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या मुलाच्या हातातही रंगपेटी आली. ती विलायती आणि महाग असल्याने तिच्यातले दोन-तीन उपयुक्त रंग जपून वापरणे हा घरच्या ऐपतीचा प्रश्न होता. ड्रॉइंग मास्तरांच्या शिस्तीला या ऐपतीची चांगलीच मदत झाली असणार.

या टप्प्यावर नाशिकचा एक माणूस वेगळ्याच दिशेने आठवतो. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, त्र्यंबकेश्वरी झाला. १८८५ साली ते जे. जे. स्कूलमध्ये दाखल झाले आणि पुढे बडोद्याला कलाभवनात त्यांनी तैलरंग व जलरंग यांचे शिक्षण घेतले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्यावर त्यांनी चित्रपटनिर्मितीचा कारभार नाशिकला हलवला. रंगचित्राची तालीम घेतलेला हा माणूस ज्या फिल्मवर काम करत होता ती निळ्याला अतिशय दाद देई आणि तांबड्याला जवळजवळ मुळीच देत नसे; निळे आभाळ कोरे पांढरे उमटे, गेरूचा कडा काळा पडे आणि लांबची निळसर रांग आभाळात विरघळे. काळ्या-पांढऱ्यात अंतर दाखवण्याचा प्रश्न लष्करी रेखाटनकाराच्या करड्या वॉशपुढे जसा होता तसाच तो फाळक्यांच्या कॅमेऱ्यापुढे होता. चित्रपटाचा इतिहास लिहिताना त्यांच्या छायाचित्रणाची आणि जादूची चर्चा होते. त्यांच्या जलरंगाच्या शिक्षणाला मात्र एका ओळीपेक्षा जास्त जागा क्वचितच मिळते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाशिक हे जलरंगाचे स्वतंत्र केंद्र झाले. वा. गो. कुलकर्णी यांचे नाव ज्या संस्थेशी जोडलेले आहे त्या नाशिक कलानिकेतनात जिल्ह्यातल्या मुलांना मुंबईला न जाता चित्रकलेचे रीतसर शिक्षण मिळू लागले, आणि शिवाजी तुपे यांनी गोदावरीचे घाट, जुने वाडे, देवळे आणि भोवतालचा निसर्ग जलरंगात रंगवून या गावाचे चित्ररूप निश्चित केले. आजच्या पिढीतले प्रफुल्ल सावंत यांच्यासारखे नाशिकचे जलरंगकार देशाबाहेरच्या प्रदर्शनांतही परिचित आहेत. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिन कंपनीने पुढे रंग बनवायला घेतले, तेव्हा विलायती पेटीची अडचणही बरीच दूर झाली. रंग स्वस्त आणि मुबलक झाले तरी काटकसरीची रीत टिकली, म्हणजे इथून पुढे ती गरजेची न राहता निवडीची झाली.

ही निवड प्रत्यक्षात कशी चालते हे रामशेजसारख्या एखाद्या सुट्या डोंगराच्या चित्रावरून पाहता येते. पॅलेटवर अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि रॉ सिएना एवढे तीनच रंग घेतले जातात. पहिला वॉश रॉ सिएनाचा, क्षितिजाशी उबदार आणि वर जाताना निळ्यात विरत जाणारा. तो ओला असतानाच ढगांचा करडा सोडतात, म्हणजे कडा आपोआप मऊ राहतात. वाळल्यावर लांबची रांग अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएनाचा थेंब घालून एका फटकाऱ्यात उतरवतात आणि तिचा तळ स्वच्छ पाण्याच्या ब्रशने ओलावून पुसट करतात, कारण दरीतले धुके व धूळ डोंगराचा पायथा आधी गिळतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना हे जवळजवळ परस्परविरोधी रंग असल्याने त्यांच्या कमी-अधिक प्रमाणातून निळसर करड्यापासून उबदार काळ्यापर्यंत सगळ्या पायऱ्या मिळतात. वेगळा काळा लागत नाही. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात, आणि वाळलेल्या वॉशवर आपोआप रवाळ पोत उठतो, जो कातळाला फार शोभतो. शेवटी जवळच्या कड्यांच्या उभ्या भेगा जवळपास कोरड्या ब्रशने, खरखरीत कागदावर तो आडवा घासून काढतात. या सगळ्यात रंगापेक्षा गडद-फिक्याचे प्रमाण, ज्याला चित्रकार टोन म्हणतात, ते अधिक काम करते. पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरात प्रत्येक कडा सावलीत आणि प्रत्येक उतार उजेडात असतो, त्यामुळे टोन चुकला तर कितीही रंग वापरून डोंगर उभा राहत नाही.

ऋतूंप्रमाणे या तीन रंगांचा मेळ बदलतो. मार्गशीर्षात कुसळी गवत वाळून उतार सोनेरी होतात तेव्हा रॉ सिएना पुढे येतो. चैत्र-वैशाखात गवत जळून जाते, हवेत धूळ असते आणि लांबच्या रांगा जांभळट दिसतात. कसोटी पावसाळ्यात लागते. इगतपुरी-त्र्यंबककडचा हिरवा इतका टवटवीत असतो की अल्ट्रामरीन आणि रॉ सिएना यांच्या मिश्रणातून निघणारा मातकट हिरवा त्याला पुरा पडत नाही, आणि कडक नियम पाळणारे चित्रकारही अशा वेळी पेटीतला एखादा लिंबोणी पिवळा गुपचूप काढतात. याउलट हिरव्याला थोडा दाबून टाकला तर ढगांचे वजन वाढते, असे मानणारेही आहेत, आणि जुनी चांगली पावसाळी चित्रे पाहिली तर त्यांच्या म्हणण्यात तथ्य आढळते.

अलीकडच्या काळात शहराच्या कडेच्या टेकड्यांवर खडी आणि मुरमासाठी झालेल्या खोदकामाने या रंगसंगतीत एक नवी भर घातली आहे. ताजा फोडलेला बेसॉल्ट निळसर काळा असतो, त्याच्यावर गंजाची तांबूस झाक नसते, आणि ती चढायला पुष्कळ पावसाळे जावे लागतात. अशा उघड्या खाणीचा कडा रंगवताना बर्न्ट सिएना जवळपास बाजूला ठेवावा लागतो आणि पेन्स ग्रे, जो जुने जलरंगकार डोंगरासाठी वापरू नये असे शिकवत, तोच नेमका जुळतो.